शेवरीचा हिवाळा

पार्ल्यात थंडी पडते असं सांगितलं की पुण्या-नाशकाकडची माणसं हसतात. हसू देत. पौषातले आठ-दहा दिवस असे येतात की सकाळी फरशीवर पाय टेकवताना अंग आखडतं, नळाचं पाणी बोटांना चावतं, आणि भाजीवाल्याच्या हातगाडीचा रंग एका रात्रीत बदलतो. हरभऱ्याच्या जुड्या, पावट्याच्या शेंगा, मातीसकट मुळे आणि डोक्यावर हिरवा झुपका असलेली गाजरं. भाजीवाला तो झुपका पिरगळून तोडायला लागतो, तेव्हा मी अजूनही म्हणते, "पाला राहू दे रे."

"काय करता आजी त्याचं?"

मी काहीतरी पुटपुटते. पाला घरी आणून ओट्यावर ठेवते. संध्याकाळपर्यंत तो मलूल होतो, मग टाकून देते. घरात ससा नाही. सत्तर वर्षं होत आली, नाही.

तेव्हा आम्ही पूर्वेला एका बैठ्या घराच्या मागच्या बाजूला भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे लांबट पडवी. पडवीपलीकडे विहीर, दोन आंबे, एक तगर, आणि त्याच्याही पलीकडे भातशेताचा उघडा पट्टा. थंडीत त्यात कापलेल्या भाताचे खुंट तेवढे उरायचे आणि तिन्हीसांजेला तिकडून कोल्हे ओरडायचे. घरात आई, बाबा, दादा, वहिनी आणि मी. मी दहा वर्षांची. दादाचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. वहिनीचं माहेर गुहागरकडचं, पण तिची आई ती लहान असतानाच गेलेली. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती माहेरी गेली नाही. दिवाळी झाली आणि चारच दिवसांत आमच्याकडे मुलगा झाला.

बारशाला मी आत्या म्हणून मिरवले. बाळाच्या कानात कुर्र केलं आणि बायकांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या हसल्या. मी वहिनीकडे बघितलं. ती पाळण्याशेजारी पाटावर बसली होती, हिरवी साडी नेसून, ओटी भरलेली. ती हसली नव्हती. रागावलीही नव्हती. आपल्या गावचं नसलेलं स्टेशन गाडीच्या खिडकीतून बघावं, तशी ती आम्हाला बघत होती.

शेवरी आली ती त्यानंतर पंधरा दिवसांनी. स्टेशनकडे जाताना एक ख्रिस्ती वाडी लागायची, तिथल्या रोझीमावशीकडे कोंबड्या, बदकं आणि ससे असायचे. आईला ती अंडी आणून द्यायची, म्हणजे दादाला. आई अंड्याला हात लावत नसे. मी वाडीत गेले की सशांच्या जाळीपुढून हलत नसे. एक दिवस रोझीमावशी म्हणाली, "ने गो एक. नाय तर नाताळात तिचा रस्सा होणार."

मी ती पांढरी मादी टोपलीत घालून घरी आणली. आई म्हणाली, "घरात बाळंतीण आहे, आणि हे काय ध्यान?" बाबांनी टोपलीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "शेवरीचा कापूस आहे गं नुसता." तेच नाव झालं. नाव ठेवलं गेल्यावर तिला परत पाठवणं आईलाही जमलं नाही.

पडवीच्या एका टोकाला जुन्या फळ्या आणि जाळी लावून दादानं तिला जागा करून दिली. चहाचं एक रिकामं खोकं आडवं ठेवलं. रोझीमावशीनं येऊन तपासणी केली आणि मला दम दिला. कान धरून उचलायचं नाही. ओला पाला घालायचा नाही. गाजर म्हणजे तिची मिठाई, जेवण म्हणजे गवत. कुत्र्याचा वारा लागू द्यायचा नाही. "आणि सारखी उचलू नको. ससा उचलला म्हणजे त्याला वाटतं घारीनं धरला."

ससा बोलत नाही, हे मला तेव्हा फार जाचायचं. कुत्रा शेपूट हलवतो, मांजर अंग घासतं. ससा नुसता असतो. पण बसून बसून थोडं कळायला लागलं. कान मागे पाडून सैल बसली म्हणजे मजेत आहे. मागचा पाय फरशीवर धाडकन आपटला म्हणजे बोका आलाय. कपाळावरून बोट फिरवलं की दातांची बारीक कुरकुर ऐकू यायची. सुपारी कातरल्यासारखी, पण दूर कुठेतरी. ते तिचं समाधान. आणि एक कळलं, की सशाजवळ आपण जायचं नसतं. आपण खाली बसायचं, हलायचं नाही. त्याला यायचं तेव्हा तो येतो.

मला हलल्याशिवाय बसता येत नसे. त्यामुळे शेवरी पहिल्यांदा आपणहून कुणाजवळ गेली असेल तर वहिनीजवळ.

वहिनी दुपारी पडवीच्या पायरीवर येऊन बसायची. आई आतून ओरडायची, "अगं, वारं लागेल! कान तरी बांध!" वहिनी पदर कानावरून घेई आणि बसून राही. आत बाळ रडायचं. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. आई मग स्वतःच बाळाला उचलून बोंडल्यानं पाणी घातलेलं गाईचं दूध पाजायची. वहिनीचं दूध आटत चाललं होतं. शतावरी झाली, खसखशीची खीर झाली, अळिवाचे लाडू झाले. वहिनी पुढ्यात येईल ते खायची, सांगितलं ते करायची. "घे त्याला" म्हटलं की घ्यायची, "ठेव" म्हटलं की ठेवायची. न्हाऊ घालायला येणारी बाई एकदा हलक्या आवाजात आईला म्हणाली, "बाळंतिणीचं मन नाय पोरात." आईनं तिला गप्प केलं. पण ते वाक्य घरात राहिलं.

आज अशा अवस्थेला डॉक्टरांकडे नाव आहे, औषध आहे. तेव्हा आमच्याकडे नव्हतं. होते ते फक्त शब्द: आळशी, थंड, आईविना वाढलेली. आई दुष्ट नव्हती. घाबरली होती. आणि घाबरलेली बाई घरात जे करते ते ती करत होती. दिवसभर बोलत होती.

नाताळाच्या आठवड्यात एका सकाळी मी गवत घेऊन गेले, तर शेवरीच्या छातीवर आणि पोटावर केस नव्हते. गुलाबी कातडं दिसत होतं. मी किंचाळलेच. मग दिसलं की खोक्यात केसांचा एक ढीग आहे आणि तो श्वास घेतोय. हात घातला तर आत सहा पिल्लं. डोळे मिटलेली, अंगावर लव नाही, माझ्या करंगळीएवढी. तिनं स्वतःचे केस उपटून त्यांना गादी केली होती. आमच्यापैकी कुणालाच ती पोटुशी असल्याचं कळलं नव्हतं.

आईसुद्धा बघायला आली. "बाई गं," म्हणाली. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

पण दुसऱ्या दिवसापासून शेवरी पिल्लांकडे फिरकेना. ती पडवीच्या दुसऱ्या टोकाला, लाकडांच्या ढिगामागे जाऊन बसे. सकाळी शाळेत जाताना तिथे, दुपारी आले तरी तिथे, दिवेलागणीलाही तिथेच. एकदाही खोक्यात शिरताना दिसली नाही. मी तिला धरून खोक्यात ठेवली, तर उडी मारून बाहेर. रोझीमावशीला विचारावं, तर ती नाताळासाठी लेकीकडे वसईला गेलेली.

"टाकली पिल्लं," आई म्हणाली. "असतात अशा काही." आणि मग बाळंतिणीच्या खोलीकडे न बघता, पण तिकडे ऐकू जाईल अशा बेतानं, "जनावरातही असतात."

त्याच आठवड्यात मुलुंडच्या आत्याचं पत्र आलं. ती बाबांची धाकटी बहीण. तिला मूल नव्हतं. तिनं लिहिलं होतं, बाळाला चार-सहा महिने माझ्याकडे द्या. सुमनला बरं वाटलं की परत न्या. सुमन म्हणजे वहिनी. बाबांनी पत्र दोनदा वाचलं. दादा विहिरीवर जाऊन उभा राहिला. आत्या येत्या रविवारी येणार होती. आईनं बाळाची लंगोटी-दुपटी धुऊन, उन्हात वाळवून, घड्या घालून एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायला सुरुवात केली. वहिनीला कुणी विचारलं नाही. तिच्यासमोरच घड्या घातल्या जात होत्या.

मी लहान होते; मला बाळापेक्षा पिल्लांची काळजी जास्त होती. शुक्रवारी सगळ्यांत बारकं पिल्लू मला फार सुरकुतलेलं वाटलं. बाकीच्यांची पोटं टमटमीत होती. ते मला दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. डोक्यात एकच होतं: आई पाजत नाही, तर मी पाजणार. घरात मी दुसरं काय बघत होते? मी ते पिल्लू ओंजळीत घेऊन चुलीपाशी गेले, बाळाच्या दुधातलं चमचाभर दूध वाटीत घेतलं आणि कापसाची वात बुडवून त्याच्या तोंडाशी धरली. ते चोखेना. मी वात दाबली. दूध त्याच्या नाकातून बाहेर आलं. ते दोनदा आचके देऊन हललं, आणि मग हातात फक्त ऊब राहिली, तीही पाहता पाहता गेली.

मी ते तगरीखाली पुरलं. रडायचीसुद्धा भीती वाटली. वळले तर बाळंतिणीच्या खोलीची खिडकी बोटभर उघडी होती आणि त्या फटीत वहिनीचा डोळा होता.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. बाबा आणि दादा कचेरीत जायच्या तयारीत पाटावर बसलेले, आई स्टोव्हवर पोहे परतत होती. पिल्लं पाचच आहेत हे आईच्या ध्यानात आलं होतं.

"एक खाल्लंन् वाटतं," ती म्हणाली. "खातात म्हणे स्वतःची. बाकीचीही जातील आता. पाजायला नको, बघायला नको. आई म्हणायचं हिला!"

"ती पाजते."

आम्ही सगळे वळलो. वहिनी दारात उभी होती. किती दिवसांत तिनं न विचारता काही बोललेलं आम्ही ऐकलं नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"शेवरी पाजते, आई. पहाटे. दूधवाला यायच्या आधी. लाकडांमागून निघते, खोक्यात शिरते. चार-पाच मिनिटं त्यांच्यावर उभी राहते. ती खालून पितात. मग बाहेर येते, आणि पुन्हा लांब जाऊन बसते." तिचा आवाज न वापरलेल्या दारासारखा करकरत होता. "रोज. एकदाच. पण रोज."

मी जागच्या जागी बसले. 

"तुला गं काय ठाऊक?" आई म्हणाली.

"खिडकीतून दिसतं."

"रोज बघतेस?"

"रोज."

आई उलथनं हातात धरून तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता सशाबद्दल काही विचारेल. पण आईनं स्टोव्ह बंद केला. त्याचा फरफर आवाज थांबल्यावर घरात एकदम केवढी तरी शांतता झाली.

"सुमन, तू झोपतेस केव्हा?"

वहिनी दाराची चौकट नखानं खरवडायला लागली.

"सांग ना. केव्हा झोपतेस?"

"झोप येत नाही आई. बाळ झाल्यापासून." तिचं नख चौकटीवरून हटत नव्हतं. "सगळे निजतात, मी पडून असते. तो रडतो तेव्हा ऐकू येतं, पण मला काही वाटत नाही. वाटायला हवं ना? मी वाट बघते, आता वाटेल, मग वाटेल. मीच वाईट असेन. त्याला न्या आत्याबाईंकडे. माझ्यापाशी ठेवू नका."

दादा उठला. बाबांनी त्याच्या मनगटाला धरून खाली बसवलं. आई पुढे गेली. तिनं वहिनीला जवळबिवळ घेतलं नाही. आमच्याकडे ती रीत नव्हती. तिनं तिच्या खांद्यावरून घसरलेला पदर नीट केला आणि म्हणाली, "दोन महिने होत आले आणि मी तुला लाडू भरवतेय. एवढं विचारायचं सुचलं नाही मला."

त्या दुपारी आई वहिनीच्या खोलीत सतरंजी टाकून तिच्याशेजारी आडवी झाली. बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि बजावलं, "हलायचं नाही." मी हलले नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच मला ते जमलं. आईचा हात वहिनीच्या डोक्यावर तेल चोळत हळूहळू फिरत होता. बऱ्याच वेळानं तो थांबला, कारण आईलाच झोप लागली होती. वहिनीचे डोळे उघडे होते. तिनं माझ्याकडे बघितलं.

"वन्सं," ती कुजबुजली. मी दहा वर्षांची, तरी ती मला वन्सं म्हणायची. "ते पिल्लू."

मला रडू फुटलं.

"तुम्हाला ते भुकेलं वाटलं. इतकंच," ती म्हणाली. मग, "मी बघत होते. मी थांबवायला हवं होतं. मला हाक मारता आली नाही."

रविवारी मुलुंडची आत्या आली. तिनं बाळासाठी लोकरीची टोपी विणून आणली होती. आईनं तिला चहा दिला आणि सरळ सांगितलं, "बाळ कुठे जात नाही. तुला वेळ असेल तर तूच राहा आठ दिवस. रात्री मी त्याला बघते, दिवसा तू बघ. हिला झोपू दे." आत्याचा चेहरा क्षणभर पडला. तो पडला हे मी आजही विसरलेले नाही. तिनंही मनात पाळणा बांधला असणारच. पण ती राहिली. आठ नाही, वीस दिवस राहिली. ट्रंकेतली दुपटी बाहेर आली. बाबा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी झोपेचं औषध दिलं, शक्तीचं दिलं, आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं की हिला कुणी काही बोलायचं नाही. आई म्हणाली, "ते औषध मला द्या."

रोझीमावशी वसईहून आली तेव्हा आम्ही तिला सगळं विचारलं. ती हसत सुटली. "सशाची आई एकदाच पाजते गो. पोरांपाशी बसून राहिली तर कोल्ह्याला वास लागेल ना! लांब बसते ती त्यांच्यासाठीच."

हे ऐकून मला वाटलं, चला, आता वहिनीचंही कोडं सुटलं. तसं काही नव्हतं. वहिनी म्हणजे ससा नव्हे. शेवरी लांब बसत होती, कारण तिच्या जातीचं ते शहाणपण होतं. वहिनी लांब बसली होती, कारण तिला जवळ येता येत नव्हतं. एकीला काही झालं नव्हतं, दुसरी आजारी होती. आम्ही मात्र दोघींना एकाच शब्दानं झोडपत होतो. पुढे पुष्कळ वर्षांनी, माझं स्वतःचं बाळंतपण झाल्यावर, मी वहिनीला त्या दिवसांबद्दल विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सगळे मला सांगत होते हो. खा, घे, पाज, हस. शेवरी काही सांगत नव्हती. तिच्याकडे बघताना तेवढं बरं वाटायचं." वहिनी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिचा मुलगा, माझा भाचा, स्वतः आजोबा झालाय. त्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याला आई आठवते ती गाणी म्हणणारी, दारात उभी राहून शेजारणींशी तासन्‌तास बोलणारी.

ती तशी एका दिवसात झाली नाही. माघात ती चार दिवस बरी असे, पाचव्या दिवशी पुन्हा पायरीवर. पिल्लांनी डोळे उघडले, पडवीभर उड्या मारायला लागली. तिनं ती बघितली, पण हसली नाही. बाळाला ती घेऊ लागली होती, तेही घड्याळ बघून काम करावं तसं. आईनं जीभ आवरली होती. कधी कधी ती बोलण्यासाठी तोंड उघडे आणि तडक विहिरीवर जाई.

फाल्गुन लागला. उकाडा सुरू झाला. शेवरीच्या जागेवर आम्ही ओली गोणपाटं टांगली. एका सकाळी वहिनी तिच्यापुढे उकिडवी बसून म्हणाली, "आई, ही बरी नाही."

आई डोकावली. "काय झालंय? बसलीय की छान."

"छान बसलीय म्हणूनच."

तिचं खरं होतं. शेवरी नेहमीपेक्षा नीट बसली होती. पाय पोटाखाली घेऊन, कान सारखे करून, एखाद्या पुतळीसारखी. पुढ्यातलं गवत तसंच होतं. खाली एकही लेंडी नव्हती. ससा दुखणं लपवतो. दुखतंय हे दिसलं तर कुणीतरी धरून नेईल, हे त्याच्या रक्तात असतं. आम्ही तिघीचौघी रोज तिला बघत होतो आणि आम्हाला ती छान दिसत होती.

मी वाडीत धावत जाऊन रोझीमावशीला घेऊन आले. तिनं पोट चाचपलं. "दगड झालाय. ओव्याचं पाणी पाजा, थोडं थोडं, बाजूनं. पोट चोळा. गप बसू देऊ नका. सांजेपर्यंत पोट सुटलं तर वाचेल."

आईनं ओवा उकळला. वहिनीनं शेवरीला मांडीवर घेतलं आणि दुपारभर बोटांनी तिचं पोट चोळत राहिली, अगदी हलकं, गोल गोल. कापसाच्या वातीनं ओठांच्या कडेनं थेंब थेंब पाणी सोडत होती. वात दाबत नव्हती, घाई करत नव्हती. मधून तिला खाली सोडायची, दोन उड्या मारायला लावायची, पुन्हा मांडीवर घ्यायची. आत्या गेलेली, दादा-बाबा कचेरीत. बाळ आईच्या कडेवर होतं. आई दहा वेळा येऊन विचारून गेली, "काही?" आणि वहिनी मान हलवायची.

ऊन विहिरीच्या काठावर आलं तेव्हा वहिनी एकदम ताठ झाली. तिनं मांडीखाली हात घातला आणि तळहात आमच्यापुढे धरला. त्यावर मिरीएवढ्या तीन लेंड्या होत्या.

"झाली!" वहिनी ओरडली. "आई, झाली! बघा, झाली!"

आणि आई, जी शेवरीच्या जागेवरून गेली तरी पाय धुवायची, ती त्या हातावर वाकून म्हणाली, "अगं बाई, खरंच की! तीन!"

त्यावर वहिनी हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग तो हात कसला आहे हे आठवून तो लांब धरून. आई हसायला लागली, मी लागले. शेवरी मांडीवरून उडी मारून लाकडांमागे गेली. आमच्या त्या गलक्यानं बाळ दचकलं आणि टाहो फोडून रडायला लागलं. आई त्याला थोपटू लागली, पण तोवर वहिनी उठली होती.

"आले रे, आले," ती म्हणाली, "हात धुते आणि आले," आणि विहिरीकडे धावत सुटली. आईनं मला गप्प राहायची खूण केली. आम्ही दोघी तिथेच थांबलो. पोहऱ्याचा आवाज आला, पाण्याचा आला. मग ती ओल्या हातांनीच परत आली आणि आईच्या कडेवरून तिनं त्याला ओढून घेतलं. कुणी "घे" म्हटलं नव्हतं.